रंगावर जाऊ नका : ओळख चापड्याची

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशोत्सवात सापांवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला इथूनच दिसतो आहे. त्याचे एक उत्तर समोर मखरात बसले आहे. बाप्पांच्या पोटाभोवती काय बांधले आहे ते जरा निरखून पाहा. आपल्या या आवडत्या देवाने साप कमरेला बांधला आहे आणि त्याचे वाहन उंदीर आहे. भक्ष्य आणि भक्षक एकाच घरात सुखाने नांदतात, असे दृश्य आपल्याला दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

दुसरे उत्तर जास्त व्यवहाराचे आहे. आपण बंगळूरकर मराठी माणसे गौरी-गणपतीला गावी निघालो, की बेळगाव ओलांडून आंबोली, चोर्ला नाहीतर अनमोडचा घाट उतरतो. काही मंडळी जोडून सुट्टी आली की कोडगू, चिकमगळूर, सकलेशपूरकडे वळतात. श्रावण-भाद्रपदाचे हे दिवस म्हणजे सह्याद्रीत पावसाचे आणि बेडकांचे दिवस. आणि बेडकांच्या मागोमाग, ओढ्याकाठच्या झुडपांवर, दरडीवर, कधी थेट रस्त्याच्या कठड्यावर येऊन बसणारा एक साप याच दिवसांत सर्वांत जास्त दिसतो. त्याचे नाव मलबारी चापडा. इंग्रजीत मलबार पिट व्हायपर. आजचे व्याख्यान त्याच्याबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आज सभागृहात मी पडद्यावर रंगीत चित्रे दाखवणार आहे. हे भाषण नंतर आपल्या स्मरणिकेत छापले जाईल, तेव्हा ही चित्रे काळ्या-पांढऱ्या छपाईत येतील किंवा मुळीच येणार नाहीत. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. साप ओळखताना रंगाचा उपयोग सगळ्यांत कमी होतो, हेच मला आज सांगायचे आहे.

चापडा म्हणजे कोण?

आपल्या भाषेत झाडावरच्या हिरव्या विषारी सापाला चापडा म्हणतात. हा घोणस आणि फुरसे यांचा चुलत भाऊ. फरक असा, की याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, एकेक खळगा असतो. इंग्रजीत खळग्याला पिट म्हणतात, म्हणून हे पिट व्हायपर. घोणस आणि फुरसे यांना हा खळगा नसतो.

हा खळगा म्हणजे निसर्गाने दिलेला उष्णतेचा डोळा आहे. त्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. समोरून उंदीर किंवा पक्षी गेला, की त्याच्या शरीराची ऊब या पडद्याला जाणवते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. अमावास्येच्या रात्री, मिट्ट काळोखात, डोळ्यांना काही दिसत नसतानाही भक्ष्य कुठे आहे हे चापड्याला कळते. आज सैन्याकडे उष्णतेवर चालणारे कॅमेरे आहेत. चापड्याकडे ते फार आधीपासून आहेत आणि त्याला बॅटरी लागत नाही.

आपल्याकडे सामान्य माणसाच्या नजरेला पडण्याजोगे तीन पिट व्हायपर सांगता येतील. पहिला साधा चापडा, म्हणजे बांबू पिट व्हायपर. हा पश्चिम घाटात आहे, पूर्व घाटात आहे, बांबूच्या बेटांत आणि त्यामानाने कोरड्या जंगलातही आहे. दुसरा आपला आजचा पाहुणा, मलबारी चापडा. हा फक्त पश्चिम घाटाचा रहिवासी आहे, जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. तिसरा हम्पनोज पिट व्हायपर, नाकाचा शेंडा वर वळलेला, जमिनीवरच्या पालापाचोळ्यात राहणारा छोटा साप. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

मलबारी चापड्याचे शास्त्रीय वर्णन १८५४ साली थॉमस जर्डन यांनी केले. हे मद्रास इलाख्यातील लष्करी डॉक्टर. भारतीय पक्ष्यांवरच्या त्यांच्या ग्रंथामुळे पक्षिमित्रांना त्यांचे नाव ठाऊक असेल. साप साधारण दोन-सव्वादोन फुटांचा, मोठी मादी साडेतीन फुटांच्या आसपास जाते. हा अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. खाणे म्हणजे बेडूक, पाली-सरडे, उंदीर, क्वचित छोटे पक्षी. शिकारीच्या मागे धावण्याचा उद्योग तो करत नाही. एक जागा धरायची, शेपटीने फांदीला विळखा घालायचा, मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडून ठेवायची आणि वाट पाहायची. एकाच दगडावर, एकाच फांदीवर तोच साप ओळीने अनेक दिवस दिसतो. आपल्याकडे सरकारी कचेरीत एखादा जुना कारकून ज्या निष्ठेने आपल्या खुर्चीवर बसलेला असतो, तीच निष्ठा!

एका सापाचे पाच-सहा अंगरखे

आता पडद्याकडे पाहा. पहिले चित्र हिरव्या सापाचे. पाठीवर गडद तपकिरी ठिपक्यांची नागमोडी नक्षी आहे, कुशीवर पिवळसर ठिपक्यांची रांग आहे. दुसरे चित्र पिवळ्या सापाचे, पिकलेल्या हळदीच्या पानासारखा. तिसरा तपकिरी, अगदी वाळक्या पानासारखा. चौथा नारिंगी-तांबूस, जांभ्या दगडाच्या जवळचा रंग. पाचवा शेवाळासारखा, हिरवा, करडा आणि काळपट यांचे मिश्रण. सहाव्यात हिरव्याला निळसर झाक आहे.

किती जातींचे साप पाहिलेत? सहा म्हणाल. ही सगळी चित्रे एकाच जातीची आहेत. हे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या प्रदेशांत वाटून दिलेले आहेत असेही नाही. एकाच जंगलात, एकाच ओढ्याच्या काठाने चालत गेलात, तर दहा पावलांवर हिरवा आणि पुढच्या वळणावर तपकिरी असे दोन्ही भेटू शकतात. शास्त्रज्ञ याला रंगांची बहुरूपता म्हणतात. आपल्या घरात एक भाऊ गोरा आणि एक सावळा असतो, दोघांचे आडनाव मात्र एकच असते. तसेच हे आहे.

निसर्गाने हा खटाटोप का केला असेल? पावसाळी जंगल हे काही एकरंगी नसते. तिथे हिरवी पाने आहेत, पिवळी पडलेली पाने आहेत, कुजका पाला आहे, शेवाळलेला दगड आहे. तिथे एका जागी तासन्‌तास बसून राहणाऱ्या सापाला दिसता कामा नये. बेडकालाही नाही आणि आकाशातून टेहळणी करणाऱ्या सर्पगरुडालाही नाही. एकाच जातीत अनेक रंग असले, की शिकारी पक्ष्याच्या नजरेला एक ठरावीक चित्र पक्के करता येत नाही, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. हिरवे साप शोधायला सरावलेल्या नजरेतून तपकिरी निसटतो.

हा रंग तयार कसा होतो, तेही गमतीचे आहे. बऱ्याच हिरव्या सापांच्या कातडीत हिरवा रंग असा वेगळा नसतोच. खालच्या थरातल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होऊन निळा दिसतो, आणि त्याच्या वरच्या थरात पिवळे रंगद्रव्य असते. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला शिकलो तेच! त्यात काळ्या-तपकिरी द्रव्याचे प्रमाण बदलले, की रंगछटा बदलतात. पिवळा कमी पडला की साप निळसर दिसतो. म्हणूनच हिरवा साप मेल्यावर किंवा संग्रहालयातल्या बरणीत अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर हळूहळू निळा पडतो. पिवळे द्रव्य टिकत नाही. जुन्या काळी असे बरणीतले नमुने पाहून वर्णने लिहिली जात. रंगावर विसंबून राहिलेल्या अभ्यासकांची त्यात काय दैना होत असेल, याची कल्पना करा.

शिवाय जिवंत सापाचाही रंग सगळ्या वेळी सारखा दिसत नाही. कात टाकायच्या आधी तो मळकट होतो, डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो. कात टाकल्यावर तोच साप नव्या शालूसारखा झळकतो. पावसात भिजलेला असला की रंग गडद. बॅटरीच्या उजेडात पिवळट. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने तर हल्ली माणसांचेसुद्धा रंग बदलतात, तिथे सापाची काय कथा!

मग ओळखायचा कसा?

पहिली खूण डोक्याची. चापड्याचे डोके रुंद, भाल्याच्या पात्यासारखे त्रिकोणी असते आणि त्यामानाने मान बारीक. पण नुसत्या या खुणेवर थांबू नका, कारण मांजऱ्या सापाचेही डोके रुंद आणि मान बारीक असते. तोही झाडावर चढतो, तोही रात्री फिरतो. काही साधे साप तर घाबरले की डोके चपटे करून त्रिकोणी करतात.

दुसरी खूण डोक्यावरच्या खवल्यांची. नाग, धामण, मांजऱ्या, हरणटोळ यांच्या डोक्यावर मोठ्या, फरशीसारख्या पट्ट्या असतात. चापड्याच्या डोक्यावर मोठ्या पट्ट्यांच्या जागी बारीक बारीक खवले असतात.

तिसरी खूण डोळ्याची. चापड्याची बाहुली मांजरासारखी उभी असते. डोळ्यामागून जबड्याकडे जाणारा गडद पट्टाही बहुतेक वेळा दिसतो.

चौथी खूण म्हणजे तो खळगा. ही निर्णायक. मात्र खळगा दिसेल इतके जवळ जायचे नाही, हे आजच्या व्याख्यानातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजा. लांबून, झूम करून फोटो काढा आणि घरी येऊन तो मोठा करून पाहा. नाकपुडी, मग खळगा, मग डोळा, असा क्रम दिसला की पिट व्हायपर नक्की.

पाचवी खूण पाठीच्या नक्षीची. मूळ रंग हिरवा असो वा पिवळा, पाठीवरून गेलेली गडद, नागमोडी किंवा ठिपक्यांची साखळी मलबारी चापड्यात सहसा असते. साध्या चापड्यात पाठ बरीचशी एकरंगी हिरवी असते, फार तर फिकट डाग. भरतकाम तेच, लुगड्याचा रंग वेगळा, असे समजलात तरी चालेल.

सहावी खूण शेपटीची आणि बसण्याची. शेपटी फांदीला धरून ठेवणारी, शरीर आखूड आणि भरीव, आणि पळून जाण्यापेक्षा स्थिर बसण्याकडे कल.

या सहांपैकी कुठलीही एक खूण एकटी पुरेशी धरू नका. तीन-चार जुळल्या तर बोला. आणि सहांच्या यादीत रंग कुठे आला? आला नाही.

तीन हिरवे आणि तीन तपकिरी

आता याचा उपयोग करून पाहू. आपल्या गावाकडे हिरवा साप दिसला, की लगेच काठी निघते. पण हिरवे साप तीन प्रकारचे समजून घ्या.

पहिला गवत्या. हा जमिनीवर, गवतात, माळावर राहतो. बाहुली गोल. पिल्लांच्या मानेवर काळ्या-पिवळ्या खुणा असतात. डिवचला तर नागासारखी मान पसरतो, आणि बिचारा त्यामुळेच मारला जातो. माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही.

दुसरा हरणटोळ. हा वेलीसारखा लांब आणि सडपातळ, तोंड टोकदार, आणि डोळ्याची बाहुली आडवी. आडव्या बाहुलीचा साप आपल्या भागात दुसरा शोधून सापडणार नाही. दिवसा फिरतो. विष अगदी सौम्य, माणसाला विशेष अपाय न करणारे. तरीही याच्याइतकी बदनामी कुणाच्या वाट्याला आली नसेल. आपल्याकडे म्हणतात हा टाळूवर चावतो. तमिळमध्ये त्याचे नावच ‘कण्कोत्ति पांबु’, म्हणजे डोळे टोचणारा साप. सिंहलीतही तोच अर्थ, आणि त्या सिंहली शब्दावरूनच त्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव ‘अहेतुल्ला’ पडले. कारण सोपे आहे. हा साप आपल्या डोक्याच्या उंचीवर फांदीत असतो. आपण अंगावर गेलो, तर समोर जे येईल त्या दिशेने तो तोंड उघडून झेप घेतो. आणि बरे का, हरणटोळही नेहमी हिरवा नसतो. तपकिरी हरणटोळ असतात.

तिसरा चापडा. आखूड, जाड, त्रिकोणी डोके, उभी बाहुली. हा विषारी.

आता तपकिरी बाजू. तपकिरी मलबारी चापडा झाडावर असो वा दगडावर, अंगाने मोठा आणि डोक्यावर बारीक खवले. हम्पनोज छोटा, बहुधा दीड फुटाच्या आत, जमिनीवर, नाकाचा शेंडा वर वळलेला आणि डोक्यावर मोठ्या पट्ट्या. मांजऱ्या मात्र लांब, सडपातळ, डोक्यावर मोठ्या पट्ट्या आणि खळगा नाही.

तज्ज्ञांनीही रंग बाजूला ठेवला

रंगाच्या पलीकडे पाहायला लागल्यावर काय हाती लागते, याची ताजी उदाहरणे सांगतो. ‘हरणटोळ’ म्हणून भारत आणि श्रीलंकेत एकच जात धरली जात होती. २०२० साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने दाखवले, की मूळ नावाची जात श्रीलंकेपुरती आहे आणि आपल्या द्वीपकल्पात त्या हिरव्या रंगाखाली अनेक वेगळ्या जाती लपल्या आहेत. आपल्याच शहरात हे काम झाले, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

२०२१ साली चापड्यांची पाळी आली. पालघाटची खिंड आपल्याला ठाऊक आहे, सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद, जिथून रेल्वेने आपण केरळात उतरतो. या खिंडीच्या उत्तरेकडचे मलबारी चापडे आणि दक्षिणेकडचे ‘मलबारी चापडे’ एक नाहीत, हे स्पष्ट झाले. दक्षिणेकडच्या सापाला अण्णामलाईच्या डोंगरांवरून १८६४ साली दिलेले आणि नंतर मोडीत निघालेले जुने नाव पुन्हा बहाल करण्यात आले. गंमत पाहा. रंगांच्या सहा तऱ्हा असलेला साप उत्तरेत एकच निघाला, आणि दिसायला सारखे असलेले खिंडीच्या दोन बाजूंचे साप दोन निघाले. हा निवाडा करायला जनुके लागली, खवल्यांची मोजदाद लागली, नकाशे लागले. नुसत्या रंगाने तो झाला नसता.

हा प्रश्न जिवाचा आहे

इथवर ऐकून कुणी म्हणेल, हे सर्व हौशी लोकांचे कौतुक झाले. आम्हाला काय त्याचे? म्हणून आता गंभीर बोलतो.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. जास्त करून शेतात आणि खेड्यात राहणारी माणसे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

आपल्या देशात मिळणारे सर्पविषावरचे औषध चार सापांच्या विषापासून तयार होते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बहुसंख्य मृत्यूंना हेच कारणीभूत असल्याने ते योग्यच आहे. पण चापड्याचे विष त्यात नाही. मलबारी चापड्याच्या दंशाने सहसा तीव्र वेदना आणि सूज येते आणि उपचारांनी माणूस बरा होतो. हम्पनोजची गोष्ट वेगळी. केरळमध्ये त्याच्या दंशाने रक्त न गोठणे, मूत्रपिंडे निकामी होणे असे जीवघेणे परिणाम झाल्याच्या खातरजमा केलेल्या नोंदी २००७ साली प्रसिद्ध झाल्या. हा छोटा तपकिरी साप फुरसे समजला जाण्याचा धोका असतो. फुरसे म्हटले, की औषध आहे असे वाटते. हम्पनोज म्हटले, की ते औषध लागू पडणार नाही, रक्त आणि मूत्रपिंडे यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल. ‘छोटा, तपकिरी साप होता’ एवढ्या वर्णनावर डॉक्टरांनी काय करायचे? ‘नाकाचा शेंडा वर होता, पालापाचोळ्यात होता’ असे सांगितले तर त्यांना काही धागा मिळतो.

कॉफी, वेलदोडा आणि मिरीच्या मळ्यांत छाटणी-तोडणी करणाऱ्या बायका-पुरुषांचे हात रोज या झुडपांत असतात. शनिवार-रविवार तिथे होमस्टेला जाणाऱ्या आपल्यापेक्षा ही ओळख त्यांना जास्त गरजेची आहे. आपल्यापैकी ज्यांचे तिकडे मळे आहेत किंवा नातेवाईक आहेत, त्यांनी पायात बूट, हातात जाड मोजे आणि फांदी धरण्याआधी काठीने हलवून पाहणे, एवढे तीन नियम तरी तिथे पोहोचवावेत.

आणि दंश झालाच तर? माणसाला धीर द्या, हालचाल कमीत कमी ठेवा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, कारण सूज येणार असते. दंश झालेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. घट्ट दोरी आवळायची नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही, बर्फ लावायचा नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. साप पकडून किंवा मारून नेण्याची गरज नाही. त्या खटपटीत दुसरा माणूस दंशाचा बळी होतो. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त वीस मिनिटांत गोठते का या साध्या तपासणीवरून पुढचे ठरवतात. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर उत्तम, न मिळाला तर फोटोसाठी थांबू नका.

श्रोत्यांचे काही प्रश्न

व्याख्यानानंतर विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे देत आहे.

एका काकूंनी विचारले, ‘रंगावरून नर की मादी ते कळते का?’ मलबारी चापड्यात तसे सांगता येत नाही. मात्र ईशान्य भारतातल्या एका चुलत भावात तसे आहे. अरुणाचल प्रदेशातून २०२० साली वर्णन झालेल्या एका हिरव्या पिट व्हायपरच्या नराच्या डोक्याच्या बाजूला तांबूस-नारिंगी पट्टा असतो. हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या सालाझार स्लिदरिनवरून त्याला ‘सालाझार’ नाव दिले आहे. हे ऐकून मुलांच्या रांगेतून टाळ्या पडल्या, त्या अर्थातच माझ्यासाठी नव्हत्या.

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, ‘सरड्यासारखा हा साप रंग बदलतो का?’ नाही. बसल्या जागी क्षणात हिरव्याचा तपकिरी होत नाही. छटा उजळणे-मंदावणे वेगळे.

तिसरा प्रश्न फोटोग्राफीचा छंद असलेल्या एका सभासदांचा. ‘चांगला फोटो मिळावा म्हणून काठीने जरा वळवले तर काय बिघडते?’ बरेच बिघडते. हा साप एका मोक्याच्या जागी दिवसेन्‌दिवस शिकारीची वाट पाहत बसलेला असतो. आपण त्याला हलवले, की त्याची शिकार गेली आणि लपण्याची जागाही गेली. शिवाय चिडला तर आपला हात त्याच्या टप्प्यात असतोच. समोरची फांदीही मोडू नका, फ्लॅशचा मारा करू नका. साप पकडणे, बाळगणे किंवा मारणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेही ध्यानात असू द्या. मळ्यात किंवा घराजवळ साप आला, तर मुलांना आणि कुत्र्याला दूर ठेवून वनखात्याला कळवा.

जाता जाता

पावसाळी रात्री घाटातून जाताना गाडी सावकाश चालवा. बेडूक रस्त्यावर येतात, त्यांच्या मागे साप येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरावर दोघांच्याही चपट्या खुणा उरतात. चापड्याला वेगाने पळता येत नाही. ब्रेक आपल्याच पायाखाली आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी धावत येऊन म्हणाले, ‘अहो, हिरवा साप निघालाय!’ तर रंग ऐकून काठी शोधू नका. विचारा : जमिनीवर आहे की फांदीवर? लांब-बारीक आहे की आखूड-जाड? तोंड टोकदार आहे की त्रिकोणी? पळतोय की बसून आहे? एवढे चार प्रश्न विचारून होईपर्यंत विचारणारा आणि सांगणारा दोघेही शांत झालेले असतात. बहुतेक वेळा तो गवत्या किंवा हरणटोळ निघतो आणि त्याचा जीव वाचतो. आणि चापडा निघाला, तर चार पावले मागे सरकल्यामुळे आपला वाचतो.



गणपती बाप्पा मोरया!